कवडूभाऊंची विलायतेतली सही

कवडूभाऊ भोयर यांना अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट बघवत नसे. कुणी कपात घोटभर चहा ठेवून उठला, तर ते तो पिऊन टाकत. कुणी दार नुसतं लोटून गेला, तर उठून कडी घालत. एकदा आमच्या गोदामाच्या हवालदाराला त्यांनी असंच दुपारभर आत कोंडलं होतं. साहेब बोलता बोलता अडखळले, की पुढचा शब्द हेच पुरवत. “अर्ध्यावर काई सोडाचं नाई बाबू,” ते मला सांगत. “डोक्यात किडा वळवळते माह्या.”

चांद्याच्या आमच्या लाकूड कारखान्यात ते आऱ्यांना धार लावत आणि मी कारकुनी करत असे. सावली गावाकडच्या ढिवराचं घर, शिक्षण चौथीपर्यंत. बापाने जन्मभर तलावात जाळं टाकलं, यांनी हातात कानस धरली. चालत्या आरीचा नुसता आवाज ऐकून कुठला दात बोथट झाला ते सांगत. म्हणून जर्मनीहून नवी यंत्रं आणायचं ठरलं, तेव्हा ती शिकायला दीड वर्ष तिकडे पाठवण्यासाठी साहेबांनी त्यांचंच नाव दिलं.

त्या काळी परदेशात खर्चायला पैसा नेणं म्हणजे दिव्यच होतं. अर्ज, अर्जाच्या नकला, सरकारी परवानगी. राहण्याजेवण्याचं तिकडचा कारखाना बघणार होता. वरखर्चासाठी प्रवासी चेक मिळायचे होते. ते घ्यायला मी त्यांना नागपूरच्या बँकेत नेलं. तिथल्या कारकुनाने नीट समजावलं, “वरची सही आत्ता, माझ्यासमोर. खालची तिकडच्या बँकेत, त्यांच्यासमोर. दोन्ही जुळल्या की पैसे मिळतील.” कवडूभाऊंनी मान डोलावली आणि प्रत्येक चेकवर वर मराठीत सही केली: कवडू सीताराम भोयर. मग मी पावतीवर शिक्का घ्यायला दुसऱ्या खिडकीकडे गेलो. ते चेक मांडीवर घेऊन बाकावर बसले. जाताना मी माझं पेन त्यांच्याजवळ ठेवून गेलो, एवढी चूक माझी.

पुढचं सगळं मला दीड वर्षाने, त्यांच्याच तोंडून कळलं.

ते जर्मनीत पोचले तेव्हा थंडी सुरू झाली होती. अंगात चांद्याला शिवलेला पातळ कोट. पहिल्याच आठवड्यात बोटं अशी आखडली की कानस धरवेना. जाड कोट घ्यायचा म्हणून ते बँकेत गेले. खिडकीतल्या बाईंनी चेक उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. खालची सही सगळ्यांवर आधीच झालेली!

“मंग मले आठवलं,” कवडूभाऊ म्हणाले. “नागपूरले बाकावर बसल्या बसल्या म्याच साऱ्या सह्या पुऱ्या करून टाकल्या होत्या. खालची जागा मोकळीच दिसे ना बाबू! पाहवे नाई.”

बाईंनी मॅनेजरला बोलावलं. चेक चोरीचे असावेत, हा त्याचा संशय समजायला भाषेची गरज नव्हती.

“अहो, मग तिथल्या कारखान्यात सांगायचं ना!” मी म्हणालो.

“काऊन सांगू? जाऊन आठ दिस नाई झाले, अन् म्हनू का, पैसे हायेत पन मीच वाया घालवले?”

त्यांनी मॅनेजरच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि सही केली. तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. पान भरलं. हात थंडीने कापत होता, पण भोयरमधल्या ‘भ’ची गाठ दर वेळी तशीच पडत होती. मॅनेजरने चेक शेजारी धरून पाहिला. मग स्वतः पेन घेऊन ती सही उतरवायला बसला. जमेना. बाईंनी प्रयत्न केला. त्यांच्या ‘क’चं शेपूट भलतीकडेच गेलं. बाकीचेही उठून आले. “सारी बँक माही सही करून राह्यली होती बाबू, अन् एकालेही येईना!” शेवटी मॅनेजर हसायलाच लागला. त्या गावात ही सही करू शकणारा माणूस एकच आहे, हे त्याला पटलं होतं. त्याने चेकवर आपल्यासमोर आणखी एक सही करवून घेतली, शेजारी स्वतःची केली, पैसे दिले आणि दारापर्यंत येऊन कोटांचं दुकान बोटाने दाखवलं.

तोच कोट घालून कवडूभाऊ भर वैशाखात चांद्याच्या स्टेशनावर उतरले. कारण विचारलं तर म्हणाले, “पेटीत मावत नाई.”

बँकेची गोष्ट ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो. ते मात्र हसले नाहीत. “त्या दिशी माह्याजवळ दुसरं काई नव्हतं बाबू. भाषा नाई, वळखीचं कोनी नाई. नाव लिव्हता येत होतं म्हनून वाचलो.”

त्याच आठवड्यात त्यांनी पाटी विकत आणली आणि बायकोला, राधाबाईंना, शिकवायला बसले. राधाबाईंनी माझ्याकडे तक्रार केली, “भाऊ, यायले काई सांगा न! तिकडे भात करपून राह्यला, अन् हे म्हनते, पाटी अर्धी काऊन ठेवली?”

काही वर्षांनी कवडूभाऊ चार दिवसांच्या तापाने गेले. तेरवी झाल्यावर राधाबाई फंडाच्या कागदांसाठी ऑफिसात आल्या. बायांकडून अंगठाच घ्यायची आम्हाला सवय. मी शाईचा पॅड उघडून पुढे केला.

“पेन द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या.

मी पेन दिलं. मागे दोघे-तिघे खोळंबले होते. राधाबाईंनी वळून सांगितलं, “सबूर करा जराशी. मले वेळ लागते.” मग वाकून एकेक अक्षर लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “बरोबर लिव्हलं ना मी? वाचा बरं मोठ्यानं.”

मी वाचलं, “राधाबाई कवडू भोयर.” मग शाईचा पॅड मिटून खणात ठेवला.