चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. तोंडाने फटकळ, आणि नियमांच्या बाबतीत तर राग कायम नाकावर. आमच्याकडे मुलांनी कपाटांपाशी जायचं नाही. चिठ्ठीवर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून द्यायचं, मग शिपाई पुस्तक काढून आणतो.

पहिल्या वर्षाला शिरोळची एक मुलगी होती. कार्ड काढायला वडील सोबत आले होते. मला स्पष्टच म्हणाले, "पास हुतीया तवर शिकू दे. एक विषय जरी ऱ्हायला तरी घरी. स्थळं येऊन थांबल्यात."

त्याच आठवड्यात ती काउंटरवर येऊन पुटपुटली, "मॅडम, संख्याशास्त्राचं पुस्तक पायजे हुतं."

"कुणाचं? नाव लिही की. ही काय मंडई हाय व्हय, वांगी द्या म्हणायला?"

मागची पोरं खिदळली. तीही कसनुसं हसली आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावर जाऊन बसली. पुढे वर्षभर रोज यायची. हजेरीवहीत तिच्याइतक्या सह्या कुणाच्याच नव्हत्या. गॅदरिंगमध्ये ग्रंथालयाचा सर्वांत जास्त वापर करणारी विद्यार्थिनी म्हणून मीच तिला प्रमाणपत्र दिलं, वर भाषणही ठोकलं.

ती नापास झाली. फक्त संख्याशास्त्रात.

दाखला न्यायला पुन्हा वडिलांबरोबर आली. तिचं कार्ड रद्द करता करता मी वैतागून विचारलं, "रोज येत होतीस की गं! करायचीस काय इथं?"

"पेपर वाचायची, मॅडम. पुस्तकाचं नाव ठावं नव्हतं. परत इचारायला भ्या वाटलं."

कार्डावर एकाही पुस्तकाची नोंद नव्हती. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. उठले, स्वतः कपाट उघडलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. ती उभ्यानेच पानं उलटू लागली.

"ह्यात गणितं सोडवून बी दाखवल्यात की," ती म्हणाली.

वडील दारातून ओरडले, "चल, एस्टी चुकंल!"

"घरी न्हेऊ का, मॅडम? परीक्षा बाहेरनं देता येती म्हनं."

"कार्डाशिवाय पुस्तक बाहेर देता येत नाही गं."

हे वाक्य माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. तिने पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं, "बरं" म्हणाली आणि वडिलांच्या मागून चालू लागली. हाक मारायला हवी होती. मी मारली नाही.