पोचल्याचा फोन

राधक्कांची आणि माझी पहिली भेट बादलीपाशी झाली. साताऱ्याहून बिऱ्हाड हलवून आम्ही म्हैसूरला आलो त्याला आठवडाही झाला नव्हता. नवरा सकाळच्या गाडीने बेंगळुरूला गेला होता आणि मी मागच्या अंगणात त्याचा आदल्या दिवशीचा शर्ट भिजत घालत होते. कुंपणाच्या भिंतीपलीकडून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"यजमान कुठं गेले गे?" तिने विचारलं.

"बेंगळुरूला."

"पोचले काय? फोन आला?"

"नाही अजून. करतील दुपारी."

ती फाटकातून वळसा घालून सरळ आत आली, माझ्या बादलीत हात घातला, शर्ट बाहेर काढला आणि तसाच साबणासकट दोरीवर टाकला. "बेड, बेड, नको गे. निघालेलं माणूस पोचूदे, मग पाणी," एवढं म्हणून हात पदराला पुसत आल्या वाटेने निघून गेली. मी तिथेच उभी. अनोळखी बाईने येऊन आपल्या बादलीत हात घालावा हे माझ्या सातारी स्वभावाला पचण्यासारखं नव्हतं. पण नवऱ्याचा फोन येईपर्यंत मी त्या शर्टाला हात लावला नाही हेही खरं. का लावला नाही, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

राधक्का बन्नीमंटपच्या मैदानामागच्या आमच्या गल्लीत जन्मभर राहिल्या. त्यांच्या सासरचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले, घरात मराठी तेवढी उरली, आणि तीही निम्मी कन्नड झालेली. दसऱ्याच्या आधी मैदानावर घोडदळाचा सराव सुरू झाला की अक्का गच्चीत उभ्या राहून कुठला स्वार कच्चा आहे ते मला सांगत. जन्मात घोड्यावर बसल्या नव्हत्या, पण बोलत अशा की कालच खाली उतरल्यात. माझ्या मराठीला त्या 'पुस्तकातली' म्हणत. "तू बोलतीस ते ऐकून मला शाळेत बसल्यागत होतं, अल्वा?" असं म्हणून गालातल्या गालात हसत.

घरात त्या आणि त्यांची मुलगी सुमा, दोघीच. सुमा नंजनगूडला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगवर होती, रोज सकाळच्या गाडीने जायची. ती गेली की तिने उतरवलेले कपडे खुंटीवर तसेच राहायचे. नंजनगूडला उतरून सुमाने फोन करायचा, "पोचले" म्हणायचं, आणि मगच अक्का नळ सोडायच्या. फोनला उशीर झाला तर त्या खुंटीखाली पाटावर बसून राहत. समोर कॉफी निवून जाई, तिला तोंड लावत नसत. "कपड्याला घाम असला की माणूस वाटेत असतं," त्या म्हणत. "घाम धुतला की वाटच पुसली."

सुमाला या सगळ्याचा वैताग होता. "ताई, पोरगी लग्नाची झाली असती माझी," ती मला म्हणायची, "आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून आईला हजेरी देते. बरोबरच्या बायका हसतात." पण फोन तिने एक दिवसही चुकवला नाही.

कारण तिला ठाऊक होतं. मला ते अक्कांनी एकदाच सांगितलं, आणि तेही शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. सुमा पाळण्यात असताना तिचे वडील मित्रांबरोबर तलकाडला देवाला गेले होते. ऊन चांगलं होतं म्हणून अक्कांनी त्यांचा शर्ट सकाळीच धुवून टाकला. सासू ओरडली, शिपायाच्या घरात असं करत नाहीत, गेलेल्याची बातमी येऊदे. नव्या सुनेला ते खुळचट वाटलं. तिकडे देवदर्शनाआधी मंडळी कावेरीत उतरली. "तिथं सगळी वाळू गे. देवळंच्या देवळं गिळलेली वाळू. पायाखालनं निघून जाती," अक्का म्हणाल्या. "लोक सांगाय आले तेव्हा शर्ट दोरीवर ओलाच होता." मग शेंगांचं ताट उचलून त्या आत गेल्या. त्या दिवशी मला त्यांची बादलीतली लुडबुड कळली, आणि मला त्यांच्याविषयी मायाही वाटायला लागली.

गेल्या वर्षी आम्ही नवराबायकोने कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या मोठ्या बोटीची सहल ठरवली. ऐन वेळी नवऱ्याला कामाने अडकवलं. त्याच्या जागी कुणाला न्यावं याचा विचार चालला असताना सुमाच म्हणाली, "आईला न्या. तिनं समुद्र बघितलेला नाही." अक्का आधी नको नको म्हणाल्या, मग अचानक तयार झाल्या. निघताना मी त्यांची पिशवी उचलली तर वरच सुमाचा निळा कुर्ता. घामट, चुरगळलेला.

"हा कशाला?"

"मी इथं नसताना ती धुवून टाकंल. मला ठावं आहे तिचं. मी परत येईपर्यंत एक तरी कपडा तसाच राहूदे." सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं पोट भरायचं काम, पण अक्कांच्या हिशेबात चूक शोधायला मी कधीच गेले नाही.

बोटीवर पाऊल ठेवल्यापासून आमचं निम्मं लक्ष कपड्यांत. खोली चिमुकली. इस्त्री वर आणायला बंदी, आगीच्या भीतीने. कठड्यावर काही वाळत घालायलाही बंदी, वारा उडवून नेतो. न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढायची एक बारीक दोरी होती, तिच्यावर दोन पोलकी मावायची आणि साडी लोंबून जमिनीला टेकायची. मी पोलकं धुवून कोरड्या टॉवेलात गुंडाळायचे आणि त्याच्यावर उभी राहून पाणी काढायचे. अक्का माझ्याकडे बघून म्हणायच्या, "द्राक्षं तुडवतीस काय गे?" तरी काही वाळायचं नाही. खाऱ्या हवेत कापडाला सतत एक चिकट ओल राहायची. अंगावर साडी चढवली की कुणीतरी गार हाताने धरल्यासारखं वाटायचं.

आमची खोली बघायला फेलिक्स म्हणून मंगळूरकडचे एक पोक्त गृहस्थ होते. अक्कांना कन्नड बोलणारं माणूस भेटलं म्हणून आनंद झाला. कपाटात एक पांढरी कापडी पिशवी टांगलेली होती. ही कशासाठी, असं त्यांनी फेलिक्सना विचारलं. "न धुतलेले कपडे ठेवायला, अम्मा," ते म्हणाले.

मी न्हाणीघरातून बाहेर आले तशा अक्का माझ्याकडे वळल्या. इतक्या समाधानाने मी त्यांना क्वचितच बघितलं असेल. "नोडु, बघ, बोटीवरच्या लोकांना कळतं. न धुतलेल्या कपड्याला वेगळी पिशवी ठेवलीय." ज्यांची माणसं रोज वाटेवर असतात त्या लोकांनी ही सोय केली यात त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्याआधीच त्यांनी कुर्ता घडी करून त्या पिशवीत ठेवला होता आणि कपाट लावून घेतलं होतं. मी तेव्हा न्हाणीघरात पोलकी तुडवत होते. पिशवीचं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं, कुर्ता कुठे ठेवला ते मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवा बिघडली. बेटावर उतरवणार होते ते रद्द झालं. पैसे भरून घेतलेलं इंटरनेट सकाळी बंद पडलं ते पडलंच, आणि फोनला रेंज नव्हती. सुमाचा "पोचले" आला नाही. अक्का जेवणाच्या दालनात इडलीच्या ताटापुढे नुसत्या बसून राहिल्या. "स्वल्प खा," मी म्हटलं तर म्हणाल्या, "बोटीवर माणूस पोचतच नाही गे. नुसतं चाललेलं असतं."

संध्याकाळी खोलीत आलो तर पलंगावर निळा कुर्ता. पातळ कागदात गुंडाळलेला, कडक इस्त्रीचा, लिंबासारख्या कसल्या तरी वासाचा. पाठोपाठ फेलिक्स आले. "पिशवीत एकच होता, अम्मा. पैसे लावले नाहीत. माझ्याकडून," ते हसत म्हणाले.

अक्कांनी त्यांना हात जोडले. "आय्तु, झालं," म्हणाल्या. दार लागल्यावर त्यांनी कुर्ता नाकाशी धरला, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि पलंगाच्या कडेला बसल्या. मला त्यांचा चेहरा बघवेना. मी काय काय बोलले, योगायोग म्हणाले, नदी वेगळी आणि आगगाडी वेगळी म्हणाले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण शर्ट ओला होता."

मग त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. जन्मभर साडीखेरीज दुसरं काही न नेसलेल्या त्या बाईने तो कुर्ता साडीवरून अंगात घातला. सुमा अंगाने किरकोळ, कुर्ता खांद्यात दाटला, शिवण कुरकुरली.

"हे काय, अक्का?"

"मळवते. पुन्हा घाम लागूदे."

"तुमचा घाम लागेल. सुमाचा कसा लागेल?"

"माझा लागला तर वाट माझी होईल," त्या म्हणाल्या. "तिची सुटंल."

पुढचे दोन दिवस राधक्का वरच्या डेकवर बसून होत्या. वारा असा की खुर्च्या बांधून ठेवलेल्या. ढगांतून ऊन आलं की त्या उन्हात सरकत, पुन्हा भुरभुर आली की तशाच भिजत. साडीवर निळा कुर्ता घातलेली म्हातारी म्हणून लोक बघून हसत. मी शाल नेली, ती त्यांनी मांडीवर ठेवली. "शालीनं घाम येईल की," मी म्हटलं. "शालीचा नको," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात एवढी शांतता होती की मला भीती वाटली. मला समुद्राची भीती वाटत नव्हती, अक्कांची वाटत होती. ही बाई कुणाशी तरी सौदा करून बसली आहे आणि तो मोडायला माझ्याकडे काही नाही, असं मला आतून कळत होतं.

कोचीच्या बंदरात शिरताना फोन जिवंत झाला. सुमाला लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. अक्का माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा लावल्यावर सुमाने उचलला. "न्हात होते ताई. कशा आहात?" अक्कांनी फोन कानाला लावला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. एवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं.

घरी आलो तेव्हा सुमाच्या उजव्या तळव्याला पट्टी होती आणि ती किंचित लंगडत होती. नंजनगूडला उतरताना पाय निसटला होता. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत एक पाय गेला, आणि गाडी हलायच्या आत एका फुलवालीने दंडाला धरून वर ओढलं. ती हे हसत हसत सांगत होती.

"कधी?" अक्कांनी विचारलं.

"तुमची बोट सुटली त्याच्या तिसऱ्या दिवशी. सकाळी."

कुर्ता अक्कांच्या अंगावर चढला त्याच्या दुसऱ्या दिवसाची ती सकाळ होती. मी मनात मोजलं आणि अक्कांकडे बघितलं. त्यांनी केव्हाच मोजलं होतं. "होगली, जाऊदे," त्या म्हणाल्या, "सुटलीस." सुमाला कळलं नाही. अक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला कॉफी करायला सांगितली. ती कॉफी त्या पूर्ण प्यायल्या.

त्यानंतर त्या खोकायला लागल्या. आधी कोरडा खोकला, मग ताप. औषधं घेत, पण परक्याची घेतल्यासारखी. आम्ही ओरडायचो, त्या ऐकून घ्यायच्या. निळा कुर्ता त्यांनी धुवू दिला नाही. रात्री थंडी वाजली की साडीवरून घालून झोपत. दवाखान्यात नेलं तेव्हाही तो अंगावर होता. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, वयही सांगितलं, आणि सुमा आणि मी ते दोन्ही मान्य करतो. वाऱ्यात भिजत बसल्याने म्हातारं माणूस आजारी पडतं, यात समजायला अवघड काही नाही. तरी अक्का गेल्या त्या सकाळी नर्सने त्यांचे उतरवलेले कपडे एका पांढऱ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले, तेव्हा मी ती पिशवी छातीशी धरली. मी खूप रडले. मला त्यांची इतकी सवय झाली आहे हे मला माहीत नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर नातेवाईक बायकांनी घर धुवून काढलं. अंथरूण-पांघरूण सगळं नळाखाली गेलं. पांढरी पिशवी मी आधीच माझ्या घरी आणून ठेवली होती. मग एकदा सुमाला बसवून सगळं सांगितलं, कपाट, फेलिक्स, डेक. ती आपला तळवा उलटा करून बघत राहिली. जखमेचा नुसता पांढरा व्रण राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. मी मागच्या अंगणात होते. फोन वाजला. "ताई, पोचले," सुमा म्हणाली. आता रोज करते. भिंतीपलीकडे दोरीवर तिने उतरवलेले कपडे असतात, फोन आल्यावर मी ते भिजत घालते.

त्या पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "पिशवीतल्या कुर्त्याचं काय करायचं गं? धुऊ?"

पलीकडे नंजनगूडच्या फलाटाचा गलका ऐकू येत होता. गाडी निघून गेली.

"बेड ताई," ती म्हणाली. "आईचा फोन कुठं आलाय?"