दोनशे चौदा नंबरचं रिव्हॉल्वर

चहा घ्या आधी. मी कशी माती खाल्ली ते सांगतो, पण हसायचं ते शेवटी हसा.

कोन गावात आमचे काका राहतात. त्यांच्या पोरीला, प्राचीला, पडघ्याचं स्थळ आलेलं. मुलाच्या वडलांची, तात्यांची, वळ गावात गोडाऊनं. एक नाही, रांगच. प्राचीला मुलगा आवडलेला, पण काकांचा जीव खालीवर.

"ते येवढे मोठे. आपल्याकडं दाखवायला काय हाय?"

पाहुणे यायचे म्हणून माळा झाडला आणि फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर निघालं. काळंकुट्ट, हातात घेतलं तर मनगट खाली जाईल एवढं जड. सगळे मागे सरकले. काकीने तर हात जोडले.

"आबांचं असंल," काका हळूच म्हणाले. आबा म्हणजे त्यांचे वडील.

मुठीवर नंबर कोरलेला. दोनशे चौदा. मी मोबाईलवर बघितलं. कारखाना एकपासून नंबर टाकत जातो, म्हणजे नंबर जेवढा लहान तेवढी बंदूक जुनी. लोकांच्या बंदुकांना सहा-सहा आकडे, आमच्या रिव्हॉल्वरला तीन! कारखाना सुरू झाला आणि पहिल्या चहाच्या सुट्टीआधी आमचं बाहेर पडलं, अजून काय सांगू? माझ्याच अंगावर काटा आला.

"काका, हे राणीच्या काळातलं."

"राणीनं दिलं आबांना?"

"दिलंही असेल."

मी फक्त 'असेल' म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत राणी कोनला येऊन आबांच्या घरी सुकं बोंबील खाऊन गेली होती.

एकटी प्राची अडून बसली. "दादा, ह्याच्या नळीला भोकच न्हाय."

"गंजाने बुजलंय."

"चक्र फिरत न्हाय."

"वय झालंय त्याचं."

"घोळ घालू नको हां. माझं लग्न हाय."

"पोलिसात कळवाय लागंल ना?" काकांनी विचारलं.

"पाहुणे गेले की लगेच," मी म्हणालो.

पाहुणे आले. रिव्हॉल्वर पितळी ताटात, खाली लाल मखमल. तात्यांनी बघायच्या आधी खिशातला मोबाईल बंद केला, देवळात करतात तसा.

"जगातलं दोनशे चौदावं," मी खालच्या आवाजात सांगितलं.

तात्या उठून उभे राहिले. काकांची मान पहिल्यांदा ताठ झाली.

मग जेवणं. भाताचा टोप तात्यांच्या पुढ्यात आला आणि त्यांचा हात थांबला.

"हा टोप पण राणीचाच का?"

टोपाच्या काठावर कोरलेलं. दोनशे तेरा. तेच अक्षर, दोनची तीच वाकडी शेपटी. मी झाऱ्याकडे बघितलं. दोनशे पंधरा.

काकीच्या हातातली आमटी सांडली. "अगं बाय, ही तर गावच्या मंडळाची भांडी. लग्नकार्याला नेतात, हरवू नयेत म्हणून सगळ्यावर नंबर. पहिलं सगळं आपल्याच माळ्यावर असायचं. नाटकाचं सामानपण."

म्हणजे ते नाटकातलं रिव्हॉल्वर. लोहाराने ठोकलेलं, सबंध भरीव.

काका पांढरेफटक. प्राची माझ्याकडे अशी बघत होती की रिव्हॉल्वर खोटं निघालं याचं मला बरंच वाटलं.

तात्यांनी टोप फिरवून नंबर परत वाचला. मग म्हणाले, "आमच्या पडघ्याच्या मंडळाची तलवार हाय. एकशे नव्वद नंबर. मीच घेऊन नाचायचो." आणि हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत.

हात धुताना काकांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फक्त ह्या पोरावर पण नंबर टाकून ठेवा. कुठं हरवला तर लोकं आणून देतील."

लग्न छान झालं. पण कोनमध्ये आता मला कोणी नावाने हाक मारत नाही.

दोनशे सोळा म्हणतात.