कोथिंबिरीच्या वाफ्यातला वाघ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. पोंभुर्ण्यात परवा भरदिवसा जो वाघ आला होता ना, तो मी आणला होता!

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि बायको, वंदना, घरी बिस्किटं करते. तिला पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती. जंगलालगतच्या एका रिसॉर्टला वाघाच्या पावलाच्या आकाराची बिस्किटं हवी होती, दुपारी चारला गाडी येणार होती. तसला साचा बाजारात कुठे मिळतो? मी छाती फुगवून म्हटलं, "मी आहे ना!"

कॉम्प्युटरवर नखांसकट पाऊल रेखाटलं, मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रेषेला उंची दिली, कापायची कड पातळ केली आणि फाइल चंद्रपूरच्या थ्रीडी प्रिंटवाल्याला धाडली. माप टाकलं सहा. सहा काय? तिथेच तर घोळ! मला हवे होते सेंटीमीटर, सॉफ्टवेअर चाललं होतं इंचात. त्या दिवशी सकाळी साचा हातात पडला तो ताटलीएवढा.

निदान धार तरी बघू म्हटलं. पीठ कशाला वाया घालवा? परसातल्या ओल्या वाफ्यात दाबला. माती साच्यात अडकून वर आली, खाली सुरेख खळगा! मजा वाटली. आणखी पाच दाबले, ओळीने. आणि साचा घेऊनच गेलो आंघोळीला.

बाहेर येतो तर शेजारच्या सुगंधाबाई किंचाळत होत्या.

"वाघ आला वं वंदना! कोथिंबिरीतून गेला!"

सांगणारच होतो हो मी! पण तोवर कुंपणापाशी वीसजण जमले. कोणी फटाके आणले, कोणी शाळेला सुट्टी द्यायला लावली.

"सर, बाहेर नोका निघू!"

वंदना घरात, भट्टी परसात. बारा वाजले, एक वाजला.

"अवो, चारले गाडी येते. भट्टी पेटवू कशी? अन् साचा कुठी ठेवला तुमी?"

साचा माझ्या छातीशी, टॉवेलात गुंडाळलेला. बोलावं तर गावभर छी-थू, न बोलावं तर तिची ऑर्डर बुडते. ती रडकुंडीला आलेली.

शेवटी वनरक्षक आला. टेप काढला, एकेक ठसा मोजला.

"सर, हा वाघ एकाच पायानं कुदत गेला वाटते."

माझा धीर सुटला. टॉवेल उलगडला, साचा पुढे केला. "हा घे तुझा वाघ!"

"मी देवाले नारळ बोलली ना सर!" सुगंधाबाई कडाडल्या. "आता तुमीच फोडा!"

गर्दी हसत पांगली. वंदनाने साचा हिसकावून धुतला आणि भट्टी पेटवली.

"बाई, तेवढे नखं कापून टाका," वनरक्षक म्हणाला. "वाघ चालताना नखं आत घेते."

तिने सुरीने एकेका बिस्किटाची नखं छाटली. गाडी भरून गेली तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

"तुला बरं लगेच कळलं रे, वाघ नाही म्हणून," मी वनरक्षकाला म्हटलं.

"ओळखलं नाई काय सर मले? सातवीत तुमीच शिकवलं हे नखंवालं पाऊल. भरतीच्या परीक्षेत तेच काढलं, अन् पहिल्या वेळी नापास झालो!"