मुळं बघून रोप घेणाऱ्या गुरम्माक्का

१९७४ साली मंद्रूपच्या शाळेत माझी बदली झाली. गुरम्माक्कांच्या घरात मला खोली मिळाली, पण ती देण्याआधी त्यांनी हेडमास्तरांकडे, पोस्टात आणि माझ्या आधीच्या गावच्या एका बाईकडे माझी चौकशी केली होती. त्यांचा स्वभावच तसा झाला होता. नवरा गेला त्या वर्षी दिरानं शाळेच्या कामासाठी म्हणून त्यांचा अंगठा घेतला आणि पुढच्या पेरणीला बांध चार हात आत सरकला. तेव्हापासून त्या दूध घेतानाही आधी भांड्याचा तळ बघत.

गावातल्या चनमल्लप्पांच्या विहिरीवर डाळिंबाचं एक झाड होतं. फळ गोड, दाणे लाल, बी मऊ. तसली बाग आपल्या दोन एकरांत करायची अक्कांची इच्छा होती. सोलापुरात विजापूर रस्त्यावर एक नर्सरीवाला त्याच झाडाची सत्तर कलमं विकतोय, असं मी ऐकलं होतं. मी त्याचं नाव सांगितलं.

अक्का आधी चनमल्लप्पांकडे गेल्या आणि परत येऊन माझ्यापुढे बसल्या.

"गुरुजी, त्यानं दोनच फांद्या नेल्या म्हनं. मग सत्तर रोपं कशी हो झाली?"

मी त्यांना बी आणि कलम यांतला फरक समजावून सांगितला. बी म्हणजे लेकरू. ते आईवर जाईल की बापावर, सांगता येत नाही. कलम म्हणजे लेकरू नव्हे, तेच झाड. त्याच्या प्रत्येक पेशीत झाडाचा सगळा आराखडा असतो आणि फांदीला मुळं फुटली की तोच जसाच्या तसा वाढतो. दोन्ही रोपं ओळखायची कशी, हे त्यांनी विचारलं. बियाच्या रोपाला एक जाड मूळ सरळ खाली जातं, गुटीच्या, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेल्या रोपाला दाढीसारखी बारीक मुळं चहूबाजूंनी फुटतात, एवढं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत त्यांनी कुणाला न विचारता एक रोप पिशवीतून उपटलं. जाड मूळ सरळ खाली गेलेलं. माळ्याची चूक झाली, असं मालक म्हणाला. अक्कांनी दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. तिन्ही बियाचीच. मग त्या मालकाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या.

परतीच्या एसटीत त्या माझ्याकडे वळल्या.

"ह्याचं नाव तुमी सांगितलं. का सांगितलं?"

माझा त्यात वाटा असता तर मुळं ओळखायला शिकवलं असतं का, असं मी विचारलं.

"शिकवलं म्हंजे मानूस खरं वाटतंय की. लबाड बी तेच करतंय," त्या म्हणाल्या.

ते मला लागलं. जुलैत मी चनमल्लप्पांची परवानगी काढली आणि अक्कांच्या देखत त्या झाडावर पंधरा गुट्या बांधल्या. फांदीची अंगठीएवढी साल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधायचा. आठव्या दिवशी बघतो तर चार गुट्या सुटलेल्या. आत काय चाललंय ते बघायला अक्कांनी सोडल्या होत्या. त्या चारही वाळल्या. उरलेल्या अकरा धरल्या, आणि पुढच्या वर्षी आणखी केल्या.

तिसऱ्या वर्षी फळ आलं. अक्कांनी प्रत्येक झाडाचं एक फळ कापून ओसरीवर ओळीनं मांडलं आणि सगळी चाखली. चव एकच, रंग एकच. मला वाटलं, आता तरी हसतील.

"समदी एकच झाड हाय म्हना. मग एकाला रोग लागला तर?"

सगळ्यांना लागेल, मी कबूल केलं. तेवढ्यासाठी त्यांनी बांधाला बियाची रोपंही लावली होती, हे तेव्हा मला कळलं. नुकतंच वाचलेलं मीही सांगितलं, की परदेशात एका बेडकाच्या पेशीतला गाभा दुसऱ्याच्या अंड्यात घालून बेडूक वाढवलेत, आणि आता एका जीवाच्या आनुवंशिक धाग्याचा तुकडा कापून जंतूत जोडतात.

अक्कांनी सुरी पुसली. "जोडनारा कोन हाय? त्याच्यावर ध्यान कोन ठेवतंय?"



७८ साली माझी पुन्हा बदली झाली. सामान बांधताना अक्का दारात आल्या.

"त्या नर्सरीवाल्याकडनं तुमाला काय मिळालं न्हवतं. कळलं मला."

कसं, ते विचारलं. त्या तीनदा सोलापूरला जाऊन मालक, माळी आणि माळ्याची बायको, तिघांना वेगवेगळं गाठून आल्या होत्या. कधी, असं विचारलं तर म्हणाल्या, त्याच वर्षी, दिवाळीच्या आत.

"मग मला चार वर्षं का सांगितलं नाही?"

"तुमी घरात ऱ्हात हुता की. बघत हुते."

त्यांनी डाळिंबांची एक पाटी पुढे केली. मी ती घेतली, नमस्कार केला आणि एसटीत बसलो. राग आला होता, खोटं कशाला सांगू. सोलापूर येईपर्यंत तो टिकला.