बोरूकाकांचं एक कलम

बोरूकाका विचारल्याशिवाय कशाला हात लावत नसत. आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले की दारातच "येऊ ना?" आणि दुसरा लाडू उचलतानाही "घेऊ?" आई वैतागायची, "अहो, घर तुमचंच आहे." तरी पुढच्या वेळी पुन्हा दारात उभे.

एका सरकारी खात्यात त्यांनी जन्मभर कायद्यांचे मसुदे तपासले, पण खरा जीव बोरूत आणि शाईत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची निमंत्रणं तेच लिहीत, प्रत्येक घराच्या नावानिशी. आधी घरोघरी फोन व्हायचे, "सासूबाईंचं नाव आधी घालू की सूनबाईंचं?" या प्रश्नावरून दोन-तीन घरांत चांगलीच जुंपली होती. त्यांचा 'श्री' जरा मागे रेललेला असे, पोटभर जेवून माणूस रेलतो तसा. दिल्लीत वाढलेली आम्ही पोरं एरवी मराठी वाचायला कंटाळायचो, ते निमंत्रण मात्र वाचायचो.

निवृत्तीनंतर ते गाझियाबादला गेले आणि त्यांचा हात थरथरू लागला. मी तोवर नोएडात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो. म्हटलं, काकांचे कष्ट वाचवू. आईने जपलेली जुनी निमंत्रणं स्कॅन करून अक्षराची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामला दिली. त्याने दुपारभरात सगळ्या घरांची नवी निमंत्रणं लिहून काढली, रेललेल्या 'श्री'सकट. वर मोठ्या हौसेने पहिलं निमंत्रण काकांनाच नेऊन दिलं.

चष्मा पुसून ते बघत राहिले. "हे मी कधी लिहिलं रे?"

मी हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांच्या टेबलावर नवी शाई, तासलेले दोन बोरू आणि कोरे कागद मांडलेले होते. मंडळाकडून नावांची यादी येईल म्हणून ते वाट बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यावर कायदाच हवा, काका," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"हवाच. पण सरसकट बंदी नको. बंदीतून पळवाटाच निघतात, जन्मभर तेच बघितलं." शाईच्या बाटलीचं झाकण ते सावकाश फिरवत होते. "एक कलम पुरे. ज्याचं आहे, त्याला आधी विचारा. तू विचारलं असतंस तर मी बिल्कुल हो म्हटलं असतं."

मग नेहमीसारखंच म्हणाले, "चहा टाकू ना?" त्यानंतर त्यांनी बोरू हातात घेतला नाही.

यंदा काका गेले. मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला, "श्रद्धांजलीचा बोर्ड काकांच्याच अक्षरात कर ना यार. फाइल आहे ना तुझ्याकडे?"

फाइल होती. पण त्यांच्याच अक्षरात त्यांच्या नावाआधी 'कै.' लिहायचं, आणि विचारायचं कोणाला?

मी गाझियाबादला गेलो. दार उघडंच होतं, तरी बाहेर थांबलो. "काकू, येऊ ना?" म्हटलं आणि काकूंना रडू कोसळलं. मलाही आवरलं नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "त्यांचा एक बोरू घेऊ?"

बोर्ड मी हाताने लिहिला. अक्षर अगदी गचाळ आलं.