हवालदार येळणे पुन्हा गाडीवर बसले

माझी शेवटची पोस्टिंग फौजेच्या हॉस्पिटलात, मानसोपचार वॉर्डात होती. सुभेदार म्हणून रिटायर झालो, मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि नागपुरात धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये समुपदेशक झालो. काम तेच, फक्त वर्दी नव्हती.

हवालदार येळणे तिथेच माझ्याकडे आले. फौजेत ते ड्रायव्हर. काश्मीरमध्ये त्यांच्या ट्रकखाली स्फोट झाला, शेजारी बसलेला जवान जागीच गेला. रिटायर झाल्यावर ते हिंगण्याला एका कारखान्यात सिक्युरिटीवर लागले. पण मोटरसायकलच्या हँडलला हात लावला की घाम फुटायचा. कंपनीच्या बसमध्येही डोळे मिटून बसायचे.

उपचार टप्प्याटप्प्याने चालला. आधी बंद मोटरसायकलवर नुसतं बसायचं. मग गल्लीत चक्कर. मग चौकापर्यंत. प्रत्येक टप्प्यानंतर ते मला फोन करत, वायरलेसवर बोलावं तसा.

"साहेब, येळणे. चौकात पोचलो. ऑल ओके."

"भीती?"

"आहे. पण गाडी चालवून राहिलो."

उन्हाळ्यात ते एकटे कारखान्यापर्यंत गेले. त्या दिवशी 'ऑल ओके' म्हणताना ते हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर रोज गाडीनेच जाऊ लागले.

मग एका सकाळी त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. हिंगणा रोडवर समोरून ट्रक आला, येळणे जागीच गेले. रस्ता मोकळा होता. ब्रेकच्या खुणा फक्त ट्रकच्या होत्या.

मी डॉक्टर मॅडमना रिपोर्ट दिला. क्लिनिक त्यांचंच. त्यांनी केस पहिल्यापासून विचारली.

"उपचार बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मीही हेच केलं असतं."

"तुमचा पेशंट जातो तेव्हा तुम्ही काय करता, मॅडम?"

त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "पुढचा पेशंट आत घेते. दुसरं काही अजून जमलं नाही."

बाहेर एक बाई थांबली होती. मी तिला आत घेतलं, सेशन पूर्ण केलं. ती काय बोलली, आठवत नाही.

तेरवीला येळण्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, मले खरं सांगा. ॲक्सिडेंटच होता ना? तुमच्यापाशी ते सारं बोलत."

"ॲक्सिडेंटच होता, वहिनी."

"मंग ब्रेक काहून नाही मारला?"

आमच्या शेवटच्या भेटीतला शब्द न् शब्द मी तपासून पाहिला होता. काहीच सापडलं नव्हतं. सापडलं असतं तर बरं झालं असतं. गाडी चालवा, असं मीच सांगितलं होतं. हे वहिनींना ठाऊक होतं, पण त्या तसं बोलल्या नाहीत. जेवून जा म्हणाल्या.

फौजेत जवान गेला की सगळी पलटण एकत्र उभी राहते, त्याचं नाव मोठ्याने घेतलं जातं. पेशंटचं नाव मला घरी बायकोजवळही घेता येत नाही. येळणे हे नावसुद्धा मी बदलून लिहिलं आहे. खरं नाव मी सकाळी क्लिनिकमध्ये, पहिला पेशंट यायच्या आधी, सावधान उभा राहून मनात घेतो. त्याने मन हलकं होत नाही.